ड्रमसेटाची मापं

आमच्या साखर कारखान्यात ऊस वेळेवर तुटत नसे, बॉयलर वेळेवर पेटत नसे, पण उपसमिती मात्र वेळेवर नेमली जाई. एकाहत्तर सालच्या दिवाळीआधी मुंबईहून ड्रमसेट आला, तशी त्याच्यासाठीही पाच संचालकांची उपसमिती झाली. चौघांनी ड्रमसेट जन्मात पाहिला नव्हता. पाचव्यांनी कोपरगावात एका लग्नात पाहिला होता, म्हणून ते तज्ज्ञ.

मी टाईम ऑफिसात कारकून, आणि कारखान्याच्या कलापथकात पेटी वाजवायचो. ड्रम वाजवायला आमच्याकडे एकच माणूस होता, मच्छिंद्र. पाथर्डीकडचा, बुटका, काटकुळा, गव्हाणीवर ऊस ढकलणारा हंगामी कामगार. मूळचा संबळ वाजवणारा. पावसाळ्यात कारखाना बंद असला की मनमाडच्या एका ऑर्केस्ट्रात सामान उचलायला जाई, आणि तीन पावसाळ्यांत उचलता उचलता वाजवायलाही शिकला. त्याची बायको चांगुणा ऊसतोडीला. चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं होतं, की हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी ड्रम झकास वाजला तर वादकाची एक कायम जागा भरू. कायम म्हणजे बारा महिने काम, राहायला खोली, आणि चांगुणाच्या हातातला कोयता कायमचा खाली. मच्छिंद्र त्या दिवसापासून जेवताना ताटावरसुद्धा बोटं वाजवायचा.

पहिल्या दिवशी त्याने सेट मांडला तेव्हा मी शेजारी होतो.

"आदी आपून बसायचं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "गुडघा कमरंच्या वर जाता कामा न्हाई. पाय आपसूक पडंल तिथं मोठा ड्रम. मग डोळं मिटून हात सोडायचे. हात जातील तिथं बाकीचं. ड्रमानं मानसाकडं यायचं. मानूस ड्रमाकडं जाय लागला की खांदं भरून येत्यात."

त्याने चार पेच सैल केले, चार आवळले, झांज जरा आपल्याकडे कलती केली आणि वाजवायला लागला. मला ड्रममधलं काही कळत नाही, पण माझी बोटं पेटीवर आपोआप पळायला लागली, एवढं खरं.

एकच अडचण होती. पायाचा ठोका बसला की मोठा ड्रम पुढे सरकायचा. मच्छिंद्रने खाली घालायला एक रिकामं पोतं मागितलं. साखर कारखान्यात पोत्यांना काय तोटा!

उपसमिती पाहणीला आली. एकांना ड्रमवर रंगवलेलं कारखान्याचं नाव व्यासपीठावरून तिरकं दिसलं. दुसऱ्यांना झांजेमुळे संस्थापकांचा फोटो झाकला गेल्याचं दुःख झालं. तिसऱ्यांनी वादक फार खाली बसतो, शोभत नाही, असा अभिप्राय दिला. बसणाऱ्याला काय वाटतं, हे विचारायचं कुणाच्या विषयपत्रिकेवर नव्हतं. चीफ इंजिनिअर तर पोत्याचं नाव ऐकून लालबुंद झाले.

"एवढा कारखाना उभा केला आपण, आणि ड्रम पोत्यावर ठेवायचा? वेल्डिंग करून टाका. जन्मात हलणार नाही."

वेल्डिंगला मापं हवीत. मच्छिंद्र तेव्हा हंगामाआधीच्या साफसफाईच्या ड्युटीवर होता, आणि हंगामी माणसाला पाच मिनिटं सोडायचं तर शिफ्ट इन्चार्जची लेखी परवानगी लागते. मग रिकामा माणूस कोण? सहादेवराव. व्हाइस चेअरमनांचे मेहुणे, स्टोअरमध्ये नेमलेले, आणि नेमल्यापासून रिकामे. उंची सहा फूट, मांड्या तालमीतल्या. त्यांना स्टुलावर बसवलं, हात पसरायला लावले. टेपचं एक टोक फिटरने धरलं, दुसरं मी. मापं मीच लिहून घेतली. एकदा वाटलं, म्हणावं, अहो, वाजवणारा यांच्या काखेत मावेल. पण पाच संचालक उभे होते आणि मला प्रमोशनची आशा होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; कारखान्यात शहाण्याने तोंड उघडू नये.

दोन दिवसांत सगळं लोखंडी सांगाड्यावर पक्कं झालं. ड्रम, झांज, स्टूलसुद्धा. मच्छिंद्र स्टुलावर चढला. हो, चढलाच. पाय पेडलपासून वीतभर वर लोंबत राहिले आणि झांजेपर्यंत पोचायला त्याला निम्मं उठावं लागलं.

"याचे पेच कुठं हायेत?" त्याने विचारलं.

"पेच नाहीत," फिटर अभिमानाने म्हणाला.

मोळीच्या दिवशी मांडव माणसांनी फुलला होता. पूजा झाली, मोळी गव्हाणीत पडली आणि चेअरमनसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मच्छिंद्रने सुरुवात केली. हात पोचला तर पाय चुकला, पाय पोचला तर तो स्टुलावरून घसरला. माणसं हसली. चेअरमनसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मच्छिंद्रच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते, आणि मी खाली मान घालून भाता ओढत होतो.

मग तो खाली उतरला. तोडकऱ्यांत बसलेल्या चांगुणाला त्याने नुसती खूण केली. ती पळत आपल्या पाचटाच्या कोपीवर गेली आणि संबळ घेऊन आली. त्याने तो कंबरेला बांधला, हाताला हवा तेवढा कलता केला, आणि असा वाजवला की तोडकरी उठून नाचायला लागले. चेअरमनसाहेबांनी स्वतः त्याच्यावर गुलाल उधळला. चांगुणा पदराने डोळे पुसत हसत होती. मलाही वाटलं, झालं, जिंकला गडी.

पंधरा दिवसांनी ठराव झाला. वादकाची कायम जागा मंजूर. नेमणूक सहादेवराव. कारण: सेट त्यांच्या मापाचा आहे आणि आता तो बदलता येणार नाही. शिवाय मच्छिंद्र सेटाशिवायही उत्तम वाजवतो हे सर्वांनी पाहिलेलंच आहे, सबब त्याला सेटाची गरज दिसत नाही. त्याच्या कलेबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत. सहादेवरावांनी अजून एकही ठोका वाजवलेला नाही, पण स्टुलावर ते शोभतात.

अभिनंदनाचा कागद मच्छिंद्रच्या हाती द्यायचं काम टाईम ऑफिसकडेच आलं. त्याने तो उलटसुलट पाहिला, घडी घातली. बाहेर चांगुणा कोयता घेऊन गाडीची वाट बघत उभी होती.

"भाऊसाहेब, मापं घेताना तुमी हुता म्हनं तिथं?"

"होतो."

"मी बुटका हाय, हे म्हाईत हुतं ना तुमाला?"

मी मस्टर उघडलं आणि त्याचं नाव शोधू लागलो. ते पहिल्याच पानावर होतं.