सतरा क्रमांकाचे जॅकेट

मित्रांनो, तुम्ही मला लांबूनच ओळखाल याबद्दल मला शंका नाही. मी एक जुने, बिनबाह्यांचे, पिवळेजर्द जॅकेट आहे. माझ्या पाठीवर दोन चंदेरी पट्टे आहेत आणि त्यांच्या मधोमध ठसठशीत काळ्या आकड्यात सतरा. मी रस्त्याने निघाले की कुरणातल्या गायीसुद्धा मान वळवून पाहतात. ही बढाई आहे, हे मी कबूल करते. पण ती खोटी नाही.

चाळीस भावंडांबरोबर एका खोक्यात बसून मी आयसेल नदीकाठच्या या छोट्या गावातल्या शाळेत आले. सामानाच्या खोलीत, कसरतीच्या गाद्यांच्या शेजारी, मला एक खुंटी मिळाली. तिथून खिडकी दिसते आणि खिडकीतून सायकलींचा रस्ता. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी तिथे आरामात लोंबकळते. उरलेल्या एका दिवशी मात्र माझ्याशिवाय कोणाचे पान हलत नाही.

तो दिवस एप्रिलमधला, सायकलच्या परीक्षेचा. अकरा-बारा वर्षांची मुले एकामागून एक, एकटी, गावातून ठरलेल्या वाटेने सायकल चालवतात. कोपऱ्याकोपऱ्यावर कोणाचे आई-वडील, कोणाचे आजोबा हातात कागद घेऊन उभे असतात. सतराने हात दाखवला का, सतराने मागे वळून पाहिले का, सगळे टिपून ठेवतात. नावाने नव्हे, आकड्याने. म्हणून मी.

अठरा वर्षांत अठरा मुलांची छाती माझ्या आत धडधडली. एकाने सकाळी इतकी धिरडी खाल्ली होती की पुलाच्या चढावर मला फार काळजी वाटली. एक मुलगी सगळी वाट चर्चमधली गाणी गात गेली. नापास फक्त दोघे झाले, आणि त्यातल्या एकाचे तर टायरच फुटले होते. त्याचा दोष मी माझ्याकडे घेत नाही.

आता माझ्या अभिमानाची खरी गोष्ट सांगते. मी रस्त्यावर आले की गाडीवाल्यांचे स्वभाव बदलतात. एरवी सायकलवाल्याच्या मागे हॉर्न वाजवून जीव नकोसा करणारे, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून जाणारे लोक मला पाहिले की एकदम देवमाणसे होतात. लांबूनच वेग कमी करतात, हसतात, "जा बाळा, जा" म्हणून हात हलवतात. मला वाटायचे, हा सगळा माझा रुबाब.

पण पोपडे सगळ्यांचेच सुटतात. माझी चंदेरी पट्टी कडेने उकलू लागली आणि चिकटपट्टी चिकटेनाशी झाली. यंदा शाळेने नवी मऊ जॅकेटे मागवली आणि आम्ही जुनी खोक्यात गेलो. फडकी म्हणून वापरायला, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते मला फार लागले. सुदैवाने नव्या गठ्ठ्यात सतरा क्रमांक सापडलाच नाही. परीक्षेच्या सकाळी वर्गशिक्षिका हेस्टरबाईंनी मला खोक्याच्या तळातून ओढून काढले, दोनदा झटकले आणि एका सडपातळ मुलीच्या डोक्यातून घातले. तिचे नाव यिस्का.

तिच्या छातीइतकी जोरात धडधडणारी छाती मी कधीच अनुभवली नव्हती. कारण लवकरच कळले. तिचे वडील वाउटर शाळेच्या अंगणात गुडघ्यावर बसून तिच्या सायकलमध्ये हवा भरत होते. ते बेकरीची व्हॅन चालवतात आणि पहाटेपासून गावोगाव पाव पोचवतात.

"ठरलंय ते लक्षात आहे ना?" ते म्हणाले. "पास झालीस तर सप्टेंबरपासून नवीन शाळेत सायकलनं. नाही झालीस तर रोज माझ्या व्हॅनमधून."

"बाबा, नदीच्या बंधाऱ्यावरच्या रस्त्यानं वर्गातली सगळी मुलं सायकलनं जाणार. मी एकटी पावाच्या ट्रेमधून उतरू?"

"सात किलोमीटरचा रस्ता आहे तो. मी रोज बघतो ना, कसे चालवतात ते! हात दाखवायचा नाही, मागं बघायचं नाही, चौघं-चौघं शेजारी. रस्ता जसा काही यांना आंदण मिळालाय."

"आणि व्हॅनवाले फार शहाणे?"

"तोंड कमी, पॅडल जास्त," वाउटर म्हणाले खरे, पण हवा भरून झाल्यावर ते पुन्हा पुन्हा टायर दाबून पाहत राहिले. तेव्हाच माझ्या लक्षात आले की या माणसाला सायकलवाल्यांचा राग कमी आणि भीती जास्त आहे.

आम्ही निघालो. यिस्का सुरेख चालवत होती. शाळेच्या कोपऱ्यावर हात दाखवला, चर्चजवळ मागे पाहिले, उजवीकडून आलेल्या टपालवाल्याला आधी जाऊ दिले. मी पाठीवर ऐटीत फडफडत होते. एक मोटार माझ्यासाठी थांबली, दुसरी थांबली. म्हातारे झालो तरी आपला दरारा आहे, असे मला वाटले.

मग आली मोठ्या रस्त्याची जागा. तिथे गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले आहेत, शार्कच्या दातांसारखे, टोके तुमच्याकडे केलेले. ज्याच्याकडे दात, त्याने थांबायचे. हे आमच्याकडे बोलायला शिकण्याआधी शिकतात. कोपऱ्यावर निवृत्त नावाडी सिपके आजोबा कागद घेऊन उभे होते.

यिस्का थांबली, एक पाय जमिनीवर टेकवला. डावीकडून बेकरीची व्हॅन आली. रस्त्याचा हक्क व्हॅनचा होता, तिने सरळ निघून जायचे. पण ती थांबली. आत वाउटर होते! पावांचा फेरा सोडून ते मुलीला पाहायला या रस्त्याने आले होते. त्यांनी काच खाली केली आणि हात हलवला.

"जा ना, यिस्का! मी थांबलोय!"

तिने मान हलवली. नाही.

"अगं, जा! मागं रांग लागलीय!"

खरेच लागली होती. मागच्या राखाडी मोटारीने हॉर्न वाजवला. मित्रांनो, खरे सांगते, मीसुद्धा मनातून म्हणत होते, जा बाई, माझ्या सन्मानार्थ एवढा रस्ता मोकळा झाला आहे, जा. तिची छाती धडधडत होती आणि पाय मात्र जमिनीवरून हलत नव्हता.

"माझ्याकडं दात आहेत, बाबा," ती म्हणाली. "आणि तुझ्या व्हॅनमागचं मला काही दिसत नाही."

ती हे म्हणते न म्हणते तोच राखाडी मोटार वैतागून रांगेतून बाहेर पडली आणि व्हॅनच्या पलीकडून सुसाट निघून गेली. आम्ही निघालो असतो तर बरोबर तिथेच असतो. माझ्या पट्ट्यांचा, आकड्याचा, पिवळ्या रंगाचा काहीएक उपयोग झाला नसता. त्या मोटारीला मी दिसलेच नव्हते. मध्ये एक प्रेमळ व्हॅन उभी होती.

वाउटरचा हलवायला वर केलेला हात तसाच वर राहिला. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

सिपके आजोबा काठी टेकत काचेजवळ गेले. "वाउटर, परीक्षा तुझी असती तर आत्ताच नापास केला असता."

"मला वाटलं, तिला मदत..."

"मदत करायची तर नेहमीसारखा चालव. समोरचा काय करणार हे तिला कळलं पाहिजे. आणि नेहमी जसा चालवतोस तसा नको, जसा चालवायला हवा तसा. चल, पाव गार होतायत."

व्हॅन निघाली. यिस्काने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले, आणि रस्ता मोकळा झाल्यावर पार गेली. पुढच्या वळणावर तिचे लक्ष अजून त्या राखाडी मोटारीतच होते, आणि हात दाखवायचाच राहिला. तेवढी एक चूक कागदावर आली. तरीही ती पास झाली. हेस्टरबाईंनी नाव वाचले तेव्हा वाउटर अंगणात उभे होते, पावाच्या पिठाने माखलेला कोट घालून.

"व्हॅनमध्ये तुझी जागा ठेवली होती मी," ते म्हणाले.

"तिथं पाव ठेव," यिस्का म्हणाली आणि त्यांना घट्ट मिठी मारली. मी मध्ये सापडले. माझी उरलीसुरली चिकटपट्टीही तेव्हाच सुटली.

त्या दिवसानंतर मला कोणी रस्त्यावर नेले नाही. दुसऱ्या आठवड्यात नवा सतरा क्रमांक आला, मऊ आणि गुळगुळीत. हेस्टरबाईंनी मला फडके मात्र केले नाही, पुन्हा खुंटीवर टांगले. मला वाईट वाटते का? वाटते. पण खिडकी माझी आहे.

सप्टेंबरपासून रोज सकाळी यिस्का त्या खिडकीसमोरून जाते. अंगावर साधा निळा कोट, पाठीवर दप्तर, आकडा नाही. वळणावर ती हात दाखवते, अगदी खांद्याच्या रेषेत. कधी कधी तिच्या मागून बेकरीची व्हॅन येते. हॉर्न वाजत नाही. समोरून कोणी येत असेल तर व्हॅन सायकलीच्या वेगाने मागे राहते, आणि रस्ता मोकळा झाला की चांगले चार हात अंतर सोडून पुढे जाते. पुढे यिस्का असो की आणखी कोणी. हे मी मुद्दाम पाहून ठेवले आहे.

मित्रांनो, इतकी वर्षे मी समजत होते की मला पाहून लोक चांगले होतात. चांगले होणे एक दिवसाचे नसते, हे मला एका मुलीच्या न हललेल्या पायाने शिकवले. तुम्ही सायकलवर असाल तर कोणी हात हलवला म्हणून निघू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीकडे नीट बघा. तिथे आकडा नसेल. सतरा आहे असे समजा.