एडक्याच्या गळ्यातला खजिना

गवंड्याला एडक्याने तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा त्याची म्हातारी आई दारात बसून मोजत होती.

"तीन!" ती ओरडली. "अरे, दिवस अजून डोक्यावर पण आला नाही!"

म्हातारी बसली होती न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत. सगळ्या भानगडीचं मूळ ती खुर्चीच. लोकांच्या भिंती गवंडी ओळंब्यात बांधायचा, पण स्वतःचा हात सैल. बाजारात गेला की पिशवीत मीठ कमी आणि नसती अडगळ जास्त. काटे नसलेलं घड्याळ, कापड नसलेली छत्री, आणि मागल्या वर्षी छपराच्या पत्र्यांसाठी ठेवलेल्या पैशांत ही खुर्ची. छप्पर गळायचं ते गळतच राहिलं. थेंबे थेंबे तळं घरात साचत होतं, डब्यात मात्र खडखडाट. पावसाळाभर बायको उशाला पातेलं ठेवून झोपली आणि खोकत उठली. तो खोकला ऐकला की गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बाजारापर्यंत ते टिकायचं नाही.

त्याने डबा माळ्यावर ठेवून पाहिला, चुलीमागे पुरून पाहिला. पण ठेवणारा तोच आणि काढणाराही तोच. शेवटी बायकोने पैशांची चामडी पिशवी शिवली आणि सरळ एडक्याच्या गळ्यात बांधली.

"मीठ, तेल, धान्य आणि पत्रे," ती म्हणाली. "बाकी कशाला पैसे हवे असतील, तर जाऊन त्याच्याकडे मागा."

एडका आईविना वाढलेला, तिनेच बोटाने दूध पाजून जगवलेला. तिच्यापुढे गोगलगाय, बाकी जगाला धोंडा. आठवड्याच्या मजुरीतून उरेल ते ती पिशवीत टाकी आणि तो तिचा हात चाटत उभा राही. गवंडी चार पावलांवर आला की डोकं खाली.

चार महिन्यांत गवंड्याची कंबर गेली, पण पिशवी फुगली. काही वेळा तर तो बाजारातून रिकाम्या हाताने परतला. "मन घट्ट केलं," असं तो गावभर सांगायचा. खरं तर एडक्याच्या धडकांनी बसायलाच येत नव्हतं.

अशात एक दिवस बायको शेतावर निंदायला गेली असताना गिरणीवाला आला. त्याच्याकडे पिठाची चोरी व्हायची.

"तुमच्या एडक्याचं नाव ऐकलंय," तो म्हणाला. "राखणीला द्या. मागाल ती किंमत."

गवंड्याने मुद्दामच अव्वाच्या सव्वा सांगितली. गिरणीवाल्याने नोटा काढून दिल्या आणि कोंड्याची टोपली पुढे धरून एडक्याला घेऊनही गेला.

आता गवंड्याची खरी परीक्षा होती. बाजारात जुन्या सामानाच्या दुकानासमोर चक्क एक घोडागाडी उभी होती; घोडा नव्हता, चाकं दोनच, पण गादी मखमली. गवंड्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी एका भाजीवालीच्या टोपलीत पाय घातला, शिव्या खाल्ल्या, आणि पुढे जाऊन आठ पत्रे विकत घेतले. आयुष्यात इतकी ताठ मान त्याची कधी झाली नव्हती.

घरी बायकोने पत्र्यांवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले.

"अहो, पण पैसे कुठले?"

"एडका विकला!"

"आणि त्याच्या गळ्यातली पिशवी?"

गवंड्याने कपाळावर हात मारला. खुर्ची करकरत फिरली.

"शेंडी तुटो की पारंबी तुटो, हा काही सुधारत नाही!" म्हातारी म्हणाली.

दोघं धावत गिरणीवर पोचली. बाहेर दळणवाल्यांची ही रांग, आत गिरणी बंद. गिरणीवाला पोत्यांच्या थप्पीवर बसला होता, पिठाने पांढराफटक. खाली एडका कोंडा खात होता. पिशवीची गाठसुद्धा सैल झाली नव्हती.

"वहिनी, घेऊन जा हो याला!" गिरणीवाला रडकुंडीला आला. "चोर परवडला! तो निदान मला खाली तरी उतरू देत होता!"

"भावजी, तुमचे पैसे?"

"सावकाश द्या, पण आधी याला न्या!"

पण तिने तिथेच गाठ सोडली आणि गिरणीवाल्याचे सगळे पैसे परत केले. पिशवी पार रिकामी झाली. एडका मात्र आपला, आणि पत्रेही आपले. दोन दिवसांत गवंड्याने स्वतःच छप्पर चढवलं. पहिली सर आली तेव्हा पातेलं चुलीवर होतं.

त्या शनिवारी गवंड्याने मजुरी घेतली. वाटेत घोडागाडी तशीच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि सरळ घरी आला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. ऊर भरून आला त्याचा. नोटा हातात धरून तो एडक्यासमोर उभा राहिला.

"काढायला नाही रे, बाबा," तो प्रेमाने म्हणाला. "टाकायला आलोय."

एडक्याने डोकं खाली घेतलं.

"एक!" म्हातारी ओरडली.