पंचवीस पुड्यांची पैज

ऑक्टोबरची पहिली तारीख उजाडली की माझ्या अंतःकरणात उत्साह दाटून यावा, अशी वास्तविक घरातील सर्वांची अपेक्षा असे. परंतु त्या वर्षी गॅरेजच्या माळ्यावरील एकोणीस खोकी दृष्टीस पडताच माझ्या कंबरेने प्रथम निषेध नोंदविला आणि मनाने तिला मूक अनुमोदन दिले. खोक्यांवर माझ्या पत्नीच्या, अर्डिसच्या, ठसठशीत अक्षरांत मजकूर होता : ‘वटवाघळे, जिना’. ‘थडगी, मोठी’. ‘हात, सुटे’. एकतीस वर्षे ही खोकी ऑक्टोबरात खाली येत होती आणि नोव्हेंबरात वर जात होती. त्यांना खाली आणणारा आणि वर नेणारा मीच.

आमच्या आयोवातील या गावी मुले सोंगे घेऊन दारोदार फिरतात ती हॅलोविनच्या आदल्या दिवशी, तीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या भोंग्यापासून आठच्या भोंग्यापर्यंत. त्या रात्रीला आम्ही भिकाऱ्यांची रात्र म्हणतो. मुलाने एक विनोद सांगितल्यावाचून त्यास खाऊ मिळत नाही. आणि ज्या घराच्या पडवीतील दिवा बंद असेल, त्या घराचे दार कोणी वाजवीत नाही. हा दुसरा नियम कोठे लिहून ठेवलेला नाही. तथापि तो मोडलेला मी माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात पाहिलेला नाही.

पैज लागली ती सप्टेंबरात, सकाळच्या कॉफीच्या वेळी. आमची कन्या कॉनी अॅरिझोनात राहते. तिचा आदल्या रात्री फोन आला होता.

“खोली रंगवून ठेवलीय म्हणे आपल्यासाठी,” अर्डिस म्हणाली. “कधी येताय, विचारत होती.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? तुझं काय ते सांग. जायचंय तुला?”

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, “इथे तरी आता काय राहिलंय? पोरंसुद्धा येत नाहीत. सगळी गाड्या करून त्या तळ्याकाठच्या नव्या वस्तीत जातात. कोणासाठी करायचा एवढा खटाटोप?”

“गेल्या वर्षी बावीस आली होती.”

“पूर्वी साठ यायची.”

अर्डिसने कप खाली ठेवला. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून ती काठीवाचून चालू शकत नव्हती; मात्र तिच्या आवाजाला काठी लागत नव्हती. “बरं. खाऊच्या पंचवीस पुड्या करते मी. पंचवीसच. आठच्या भोंग्याला एक जरी उरली ना, तर मी स्वतः कॉनीला फोन करून सांगते, घर विकायला काढतोय म्हणून. आणि सगळ्या संपल्या, तर परत या घरात अॅरिझोनाचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल.”

मी तो शब्द सहज उच्चारला. तिने मात्र सहज घेतला नाही. याच घरात ती नववधू म्हणून आली, याच घरात तिची दोन बाळंतपणे झाली. आणि वाळवंटातील रंगविलेल्या खोलीत तिला कोणी ओळखणार नव्हते. त्या पंचवीस पुड्यांत तिने आपले राहिलेले सर्व आयुष्य बांधले होते, हे मला पुरतेपणी ठाऊक होते.

पुढील चार आठवडे मी शिडीवरच काढले, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. पडवीच्या खांबांना मक्याची वाळलेली ताटे बांधली. मेपलच्या झाडावर चादरींची सात भुते टांगली. थर्माकोलची थडगी वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकास मागून लोखंडी सळई ठोकली. माझ्या कामाच्या जुन्या कपड्यांत पेंढा भरून पाच बुजगावणी केली आणि त्यांतील तिघांना पायऱ्यांलगतच्या गवताच्या गठ्ठ्यावर ओळीने बसविले. शेजारची ट्रूडी कुत्र्याला फिरवीत जाताना थांबली.

“हार्लन, तुझ्यापेक्षा ती बुजगावणी ताठ बसलीत रे!”

“त्यांना गुडघे नाहीत, ट्रूडी.”

“आणि बायकोही नाही,” असे म्हणून ती पुढे गेली.

बाहेरची सजावट माझी, तर आतील अर्डिसची, अशी आमच्यात वाटणी होती. बाहेर घाबरवायचे आणि आत बसवून घ्यायचे, हे तिचे धोरण. इतर घरी मुले उंबऱ्यावरूनच परत फिरत. आमच्याकडे त्यांना दिवाणखान्यात घेऊन विनोद ऐकला जाई. आता तिला सजावटीस स्वतः हात लावणे शक्य नसल्यामुळे ती खुर्चीत बसून काठीने आज्ञा करी आणि मी ती पाळीत असे. खिडक्यांना काळा कपडा ठोकला. कापूस ताणून आरशावर जाळी पसरली. सोललेली द्राक्षे पाण्याच्या बरणीत घालून फडताळावर डोळे म्हणून मांडली.

“जिन्यावरचं डावीकडचं वटवाघूळ खाली आलंय.”

“ते दमलंय.”

“वटवाघळं दमत नाहीत. चढ परत.”

मी चढलो. एकतीस वर्षांत मी एकदाही नाही म्हटले नव्हते आणि आता म्हणण्याची रीत मला येत नव्हती.

तीस तारखेला हवा कोरडी आणि बोचरी होती. पाच वाजल्यापासून मी अकरा भोपळ्यांत मेणबत्त्या लावीत वाकत होतो. सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा झाला. मी दिवा लावला आणि पायरीवर बसलो. आत अर्डिस पंचवीस पुड्यांचे ताट मांडीवर घेऊन बसली होती. थंडीमुळे दार लोटलेले होते आणि खिडक्यांवर काळा कपडा असल्यामुळे तिला बाहेरचे काही दिसत नव्हते.

माझा अंदाज चुकला. मुले आली. पहिल्या अर्ध्या तासातच नऊ, मग चार, मग ट्रूडीच्या नातवंडांसह आणखी पाच. प्रत्येक वेळी आतून अर्डिसचे हसणे ऐकू येई. विनोद कसाही असो, ती हसतच असे.

सव्वासातला तिने हाक मारली, “हार्लन! सातच उरल्या रे! सातच!”

तिच्या आवाजात तिच्या तरुणपणीचा आनंद होता. तो ऐकून मला धन्य वाटावयास हवे होते. परंतु मी अंगणाकडे पाहिले. सात भुते, चौदा थडगी, पाच बुजगावणी. उद्यापासून हे सारे उतरवायचे. खोक्यांत घालायचे. शिडी लावायची. पुढल्या ऑक्टोबरात पुन्हा, आणि त्याच्या पुढल्या. पैज जिंकल्यावर तिला थांबविण्यास माझ्यापाशी कोणतेही कारण उरणार नव्हते. माझ्या मनात राग नव्हता, कपटही नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो. केवळ एवढेच झाले की मी उठलो, दाराशेजारचे दिव्याचे बटण बंद केले आणि पडवी अंधारात गेली.

मग मी गठ्ठ्यावरील बुजगावण्यांच्या शेजारी जाऊन बसलो. टोपी डोळ्यांवर ओढली. तेथे बसण्याचे माझ्याजवळ स्पष्टीकरण नाही. उभे राहवत नव्हते, इतकेच.

तीन मुले फाटकाशी आली. “दिवा बंद आहे,” एक म्हणाले. “चला.” ती गेली. त्यांच्यामागून पाच जणांचा घोळका आला आणि तोही थबकून पुढे गेला.

“कोणी आलं का रे?” आतून अर्डिसने विचारले.

“नाही,” मी म्हणालो.

त्यानंतर एक तरुण बाप आला. त्याच्याबरोबर मधमाशीचे सोंग घेतलेली पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिचा एक पंख मोडून लोंबत होता.

“दिवा बंद आहे, बाळा. इथे नाही जायचं.”

“पण भोपळे लावलेत ना!”

“भोपळ्यांचं काही नाही. दिवा बंद म्हणजे बंद.”

“पण तुम्ही म्हणाला होता, या घरातली आजी आत बोलावते! याच घरासाठी आपण गाडी घेऊन आलो!”

“म्हणालो होतो गं. मी तुझ्याएवढा असताना बोलवायच्या. आता म्हाताऱ्या झाल्या असतील. बरं नसेल. कशाला त्रास द्यायचा?”

“मग माझा विनोद?”

“पुढच्या घरी सांग.”

“हा आजीसाठीचा होता. मी आठवडाभर पाठ केलाय.”

बापाने सुस्कारा सोडला. तोही बिचारा दिवसभराच्या कामानंतर आला असावा. “ये, त्या बुजगावण्याला सांग आणि चल. लवकर.”

ती मुलगी नेमकी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या तोंडाला गोळ्यांचा वास येत होता. मी श्वास रोखून धरला.

“चेटकीण घरी चालत का आली?” तिने मला विचारले. नियमाप्रमाणे थोडी थांबली. मग स्वतःच म्हणाली, “कारण तिचा नवरा झाडूने अंगण झाडत होता!”

मी हललो नाही.

“हसला नाही,” ती बापाला म्हणाली.

“बुजगावणी हसत नाहीत. चल, थंडी वाजेल.”

ती दोघे गेली. लोंबता पंख रस्त्यावर घासत जात असल्याचा बारीक आवाज मी कोपऱ्यापर्यंत ऐकला. मग गाडीचे दार लागले. मी उठलो आणि हाक मारावी म्हणून फाटकापर्यंत धावलो; परंतु धावलो हा शब्द माझ्या चालण्यास शोभत नाही, आणि मी पोहोचेतो गाडी वळली होती.

मी परत येऊन दिवा लावला. आठला पंधरा मिनिटे कमी होती. त्यानंतर चार मुले आली. मी त्यांना जवळजवळ हाताला धरूनच आत नेले. मग रस्ता रिकामा झाला आणि आठचा भोंगा वाजला.

आत गेलो तेव्हा अर्डिसच्या मांडीवरील ताटात तीन पुड्या होत्या. ती रडत नव्हती. हाताच्या अंतरावरील दिव्याला चिकटविलेले कागदी वटवाघूळ तिने काढून घेतले होते आणि ते मोडू नये म्हणून काळजीपूर्वक पंखांच्या घडीवर दुमडीत होती.

“तीन,” ती म्हणाली. “सव्वासातला वाटलं होतं, जिंकले. मग एकदम आटलीच रे पोरं.” वटवाघूळ ताटात ठेवून म्हणाली, “शब्द म्हणजे शब्द. फोन दे इकडे.”

मी फोन दिला नाही. टोपी काढली आणि तिच्यासमोर मुलांसाठी मांडलेल्या बुटक्या स्टुलावर बसलो.

“आटली नाहीत. मी दिवा बंद केला होता.”

तिला प्रथम समजलेच नाही. “बल्ब गेला का?”

“बल्ब नाही गेला. मी बंद केला. अर्धा तास. नऊ पोरं परत गेली दारातून. मी मोजली.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या दृष्टीचे वर्णन करण्याची माझी लायकी नाही.

“म्हणजे मी आतून विचारलं, तेव्हा?”

“तेव्हाही.”

“इतकं जायचंय तुला? मला फसवून नेण्याइतकं?”

“मला कुठेच जायचं नाहीये, अर्डिस.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “मला अॅरिझोना नको. कॉनीची खोली नको. मला फक्त शिडीवर चढायचं नाहीये.”

फडताळावरून बरणीतील द्राक्षे आमच्याकडे पाहत होती.

“मग हे सप्टेंबरात बोलायला काय झालं होतं?” ती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते, आणि ते रागाने की कशाने हे मला कळले नाही. “दमलो, एवढं एक वाक्य! माझं हाड मोडलंय, कान नाही मोडले. मी तुला चार आठवडे चढवत राहिले आणि तू चढत राहिलास. मला वाटायचं, निदान हे एक तरी तुला अजून आवडतं. तुझ्यासाठी म्हणून मी ती खोकी टाकत नव्हते!”

“माझ्यासाठी?”

“मग काय माझ्यासाठी? मला पोरं हवी होती घरात. थडगी तुझी.”

 एकतीस वर्षे मी तिची म्हणून जी थडगी वाहिली, ती माझी निघाली.

इतक्यात फोन वाजला. कॉनीच होती. तिला पैजेची माहिती होती आणि ती आठ वाजण्याची वाट पाहत असावी. अर्डिसने हात पुढे केला. मी फोन दिला आणि खाली पाहत बसलो.

“हो, झालं आत्ताच,” ती म्हणाली. “पंचवीस? अगं, पंचवीसच्या वर आली. काही तर दारातूनच परत गेली. नाही, नाही येत आम्ही. रंग चांगलाय, पाहुण्यांना होईल. बाबा? बाबा ठीक आहेत. दमलेत.”

तिने फोन ठेवला. तिने मला क्षमा केली होती असे मी म्हणणार नाही. त्या रात्री ती माझ्याशी आणखी एकच वाक्य बोलली. “भोपळे विझवून ये. बाकीचं राहू दे तसंच, ट्रूडीचा जावई नेईल सगळं.”

मी बाहेर गेलो. एकेका भोपळ्यापुढे वाकत गेलो. नवव्यापाशी मला पायरीवर बसावे लागले. उरलेले दोन मी बसूनच विझविले.