लॅथबरीच्या धक्क्यावरची साखळी

जॉब टॅरंटचं प्रेत वॅपिंगच्या पायऱ्यांपाशी ओहोटीत अडकलं होतं. ते वर ओढलं अमॉस पेलोनं. नदी-पोलिसांत वीस वर्षं काढलेला हा सार्जंट. थेम्सनं आजवर किती मुडदे त्याच्या हवाली केले, याची गणती राहिली नव्हती. पण जॉब त्याच्या ओळखीचा. लॅथबरीच्या धक्क्यावर तागाचे गठ्ठे उतरवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची छाती पार चेपली होती.

दुपारपर्यंत खुनीसुद्धा सापडला. तो शोधला होरेस व्हेनिंगनं. हा खासगी गुप्तहेर. धक्क्याचा मालक लॅथबरी यानं बग्गी पाठवून त्याला आणवलं होतं, आणि वर्तमानपत्रवाले त्याच्या मागेमागे. व्हेनिंगनं सांगितलं, की डेनिस कियो नावाच्या आयरिश हमालाचं आदल्या सकाळी फाटकावर जॉबशी भांडण झालं होतं, आणि त्यानंच गठ्ठे ओढायच्या आकड्यानं जॉबचा जीव घेतला. कियोला बेड्या पडल्या. जॉबची बायको हॅना भर रस्त्यात कियोच्या बायकोच्या तोंडावर थुंकली.

पेलोचं डोकं फिरलं. आकड्यानं माणूस फाटतो, चेपत नाही. वरिष्ठांना त्यानं हे सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, की व्हेनिंगच्या कामात नाक खुपसायची गरज नाही.

तो तडक धक्क्यावर गेला. तिथं गठ्ठे उचलायच्या पाच याऱ्या होत्या. चारींच्या साखळ्या गंजून तांबड्या झालेल्या, पाचवीची मात्र कोरी करकरीत. मुकादमाला विचारलं, तर ती पहिल्यापासून तशीच आहे म्हणाला आणि निघून गेला. हमालांनी माना खाली घातल्या. रोज सकाळी फाटकावर हाक मारूनच कामाला माणसं घ्यायचे; तोंड उघडणाऱ्याला उद्या कोण हाक मारणार?

पेलोनं ओहोटीची वाट पाहिली, बूट काढले आणि पाचव्या यारीखालच्या चिखलात उतरला. तासभर चाचपल्यावर हाताला लोखंड लागलं: तुटलेली साखळी. वर बघतो तर धक्क्याच्या कडेला व्हेनिंग उभा.

"काय हरवलंय, सार्जंट?"

"तुमची लाज. खूप खोल गेलेली दिसतेय."

व्हेनिंग हसला. "साखळीचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मला नेमलंय गुन्हेगार शोधायला. लोखंडाला फाशी देता येत नाही."

"आणि कियोला येते?"

"आयरिश हमाल आहे तो. त्याच्यासाठी कोण रडणार?"

पेलोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच साखळीनं त्याचं थोबाड फोडावं असं वाटलं. पण ती आता पुरावा होती.

मृत्यूची चौकशी, रिवाजाप्रमाणे, दारूच्या गुत्त्याच्या माडीवर भरली. व्हेनिंग अर्धा तास बोलला. प्रेत कुठं सापडलं तेवढंच पेलोनं सांगायचं, असा त्याला हुकूम होता. त्यानं तेवढं सांगितलं, आणि मग चिखलानं माखलेली साखळी टेबलावर आदळली.

"ही कडी बघा. अर्धी चीर जुनी, आतपर्यंत गंजलेली. अर्धी ताजी. म्हणजे ही केव्हाचीच तडकली होती आणि माणसं रोज हिच्याखाली उभी राहत होती. कियोनं खून केलेला नाही. पण खून झालाच नाही, असं मी म्हणणार नाही."

मुकादमाला पुन्हा शपथेवर उभं केलं, तेव्हा त्यानं सगळं कबूल केलं. गठ्ठा जॉबच्या अंगावर पडला होता, आणि लॅथबरीच्याच हुकमावरून प्रेत पाण्यात ढकललं होतं.

निकाल लागला: अपघाती मृत्यू. लॅथबरीला साखळ्या तपासून घेण्याचा सल्ला मिळाला. बस, इतकंच. कियो सुटला. वर्तमानपत्रात आलं, की व्हेनिंगच्या कुशाग्र बुद्धीमुळं एक निरपराध वाचला. पेलोच्या बाहीवरच्या पट्ट्या उतरवून त्याला पुन्हा वल्ह्यावर बसवलं.

तो हॅनाकडं गेला तेव्हा ती हेरिंग मासे साफ करत होती.

"मग फासावर कोण जाणार?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

तिची सुरी थांबली. "त्यांनी मला थुंकायला माणूस दिला, सार्जंट. आणि मी थुंकले."

शाल ओढून ती निघाली. पेलोही मागोमाग गेला. कियोच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.

"आत येऊ नकोस," ती बाई म्हणाली. "मी ते विसरलेले नाही. पण डेनिसला आज एकाही फाटकावर घेतलं नाही. तुला काही करायचंच असेल, तर उद्या सकाळी लॅथबरीच्या फाटकावर ये."

सकाळी दोघी तिथं उभ्या राहिल्या, एकमेकींशी न बोलता. पेलोनं आपली नाव जवळच्या पायऱ्यांना बांधली आणि तोही येऊन उभा राहिला. शेदीडशे हमाल बघत होते. लॅथबरीची बग्गी आली, तशी हॅना पुढं झाली आणि तिनं घोड्याचा लगाम धरला. गाडीवानानं चाबूक उगारला. पेलोनं तो हवेतच पकडून हिसकावला.

आतून लॅथबरी ओरडला, की या बाईला बाजूला करा. मुकादम जागचा हलला नाही. हमालांतला एक जण पुढं आला, मग दुसरा, आणि बघता बघता बग्गीभोवती माणसंच माणसं झाली. त्या दिवशी धक्क्यावर एकही गठ्ठा उतरला नाही.