काटेझाडाला कुंपण

मित्रांनो, आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या माळावर दगडांचा एक ढीग आहे. गायी त्याला अंग घासतात. तो ढीग म्हणजे मी. पाचशे वर्षं मी एका सरदार घराण्याचा बुरुज होतो. चुन्यात बैलाचं रक्त कालवून मला बांधलं, असं म्हातारे सांगत. रक्ताचं मला ठाऊक नाही, चुना मात्र पक्का होता. तोफांनी छप्पर नेलं, तरी भिंती हलल्या नाहीत.

सरदार गेले आणि माझ्यात ‘भली माणसं’ राहायला आली, असं गावाने ठरवलं. परी हा शब्द इथे भीतीने कोणी उच्चारत नाही, ‘भली माणसं’ म्हणतात. त्या भीतीपोटी माझा एक दगडही कोणी नेला नाही. मला तेव्हा ते फार बरं वाटलं. किती मूर्ख होतो मी!

मग माझ्या फटीत पांढऱ्या फुलांचं काटेझाड उगवलं. असं एकटं झाड त्या भल्या माणसांचं. तोडणाऱ्याचं घर बसलंच म्हणून समजा. मुळं सांध्यांत शिरली. बोटभर फट हातभर झाली.

माझं दुखणं ओळखलं ते एकट्या मॅलकी टॅन्सीने. हे शेत त्याचं. एका सकाळी तो शिडी आणि करवत घेऊन आला. करवत बुंध्याला टेकली, तोच त्याची बायको डेलिया धावत आली.

“डोकं फिरलं का तुझं? उतर आधी खाली!”

“झाड राहिलं तर भिंत जाईल, डेलिया.”

“जाऊ दे! आपल्या पोरीचे दिवस भरलेत, आणि तू त्यांच्या झाडाला करवत लावतोस?”

“तूच म्हणतेस ना, सगळ्या थापा आहेत?”

“थापाच आहेत रे. पण आजच कशाला तपासून बघायच्या?”

मॅलकीने करवत काखेत मारली. मग उतरला. नात सुखरूप जन्मली. करवत पुन्हा आली नाही.

फेब्रुवारीच्या वादळात मी कोसळलो. गाव जमलं आणि म्हणालं, “मॅलकीने झाडाला करवत दाखवली ना? मग दुसरं काय होणार!” तो माझे विखुरलेले दगड गोळा करत राहिला.

झाड माझ्याबरोबर आडवं झालं, पण मेलं नाही. मे महिन्यात फुललंसुद्धा. गायींनी खाऊ नये म्हणून मॅलकीने त्याला कुंपण घातलं, माझेच दगड रचून.

मित्रांनो, जुनी भिंत नुसती भिऊन राखली जात नाही. तिच्या फटीतलं रोप वेळेवर उपटावं लागतं. माझं रोप बोटभर होतं, तेव्हा शेजारून रोज माणसं जात होती.