म्हातारीची वाटी

मी एक लाकडी वाटी. हातात धरता येईल अशी नव्हे हो. बाळापूरच्या ज्योत्स्नाच्या फोनमध्ये भुयाराचा एक गेम आहे, त्यातली. आणि सध्या माझा जीव टांगणीला लागलाय.

ज्योत्स्ना रोज कामावर जाताना अकोल्याच्या बसमध्ये खेळते. भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारी बसते. तिनं माझ्यातून ज्योत्स्नाला कढी पाजली आणि वाटी तेवढी परत दे म्हणाली. सगळ्यांत सोपं काम! बाकीची कामं म्हणजे राक्षस मारा, वाट चुकलेल्याला सोबत करा, नाहीतर तळातली किल्ली आणा. लोक मला तिथल्या तिथे देऊन मोकळे होतात. ही बाई मात्र मला झोळीत टाकून थेट खाली उतरली.

झोळीत जागा आठच वस्तूंची. बाहेर टाकलेली वस्तू कायमची विरून जाते. माझ्या डोळ्यांदेखत दोरी गेली, मशाल गेली. जागा कमी पडली की ज्योत्स्नाचं बोट माझ्यावर येऊन थांबायचं आणि मी मनातल्या मनात विनवायचे, मला नको गं टाकू.

"कावून वागवून राहिली ते वाटी?" शेजारच्या सीटवरची गीतांजली एकदा वैतागलीच. "देऊन टाकाची होती."

"शेजारनीचं भांडं रिकामं वापस करतो का आपण?" ज्योत्स्ना म्हणाली.

घ्या! गेम बनवणाऱ्याच्याही हे डोक्यात आलं नसेल. म्हातारीला रिकामी वाटी चालते.

आज तळाशी किल्ली सापडली. झोळी गच्च भरलेली. बोट माझ्यावर आलं. मी मेलेच म्हणून समजा. पण तिनं जखमा भरणारा मध, होता नव्हता तेवढा, बाटलीतून माझ्यात ओतला. बाटली टाकली आणि तिच्या जागी किल्ली ठेवली. मी वाचले, केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

परत फिरताना राक्षसाचा पंजा बसला. आता ज्योत्स्नात आणखी एका फटक्यापुरताही जीव नाही. ती मेली की झोळीसकट आम्ही सगळे विरणार. मागून पावलं जवळ येताहेत. मध पिऊन घे म्हणून गीतांजली केव्हाची सांगतेय.

"तो बुढीचा आहे," ज्योत्स्ना म्हणते.

अगं बाई, इतके दिवस मला टाकू नको म्हणून मनातल्या मनात तुझ्या विनवण्या केल्या. आज वेगळंच मागते. पी तो मध. मला रिकामीच परत ने. म्हातारी काही म्हणणार नाही गं.