डेसाला विचारायचं राहिलं

केल्सी ब्रॉडबेक त्या सकाळी जी काही मिरवत होती, विचारू नका! कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची पोरगी, इंटर्नशिप म्हणून कोर्टात मुलांची बाजू मांडायचं काम घेतलेलं, आणि आज तिची पहिली सुनावणी. मैत्रिणीचा कोट मागून आणलेला, बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या; पण ऐट अशी, की सगळं आयोवा राज्य हिच्यावाचून अडलंय.

काम तसं सरळ होतं. ज्या मुलांना कोर्टाने घरातून काढून फोस्टर, म्हणजे तात्पुरत्या सांभाळणाऱ्या, आईवडिलांकडे ठेवलंय त्यांना भेटायचं, त्यांच्याशी खेळायचं, शाळेत चौकशी करायची आणि मुलाचं भलं कशात आहे ते न्यायाधीशांना सांगायचं. केल्सीच्या वाट्याला दहा वर्षांची डेसा आली होती. डेसा लॉरेन नावाच्या फोस्टर आईकडे राहायची, आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ कॉर्बिन शेजारच्या गावात विल्मर नवराबायकोकडे. भावंडं वेगळी! केल्सीचा जीव तुटला. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, होता होईतो भावंडं एकत्र ठेवा. मग काय, बाईसाहेबांनी लॉरेनला गळ घातली, रिकाम्या खोलीत पलंग टाकून घेतला, आणि ‘कॉर्बिनला बहिणीकडे आणा’ असा दणदणीत अहवाल कोर्टात देऊनही टाकला.

“डेसा, एक गंमत सांगू?” कोर्टाबाहेरच्या बाकावर बसता बसता केल्सी म्हणाली. “आज बहुतेक कॉर्बिन तुमच्याकडे राहायला येणार!”

पोरगी आता गळ्यातच पडणार, असं तिला वाटलं होतं. डेसा जागची हलली नाही.

“माझ्या खोलीत?”

“नाही गं, शेजारच्या.”

“मग मला दार उघडं ठेवून झोपायला लागेल. त्याला रात्री खोकला येतो. त्याचा औषधाचा पंप माझ्याजवळ ठेवते. आणि सकाळी मी लवकर उठेन, तो मोजे घालताना फार त्रास देतो.”

“अगं, लॉरेन आहे ना सगळं बघायला!”

“लॉरेनला काय माहितीये? तो रडायला लागला ना, की ओरडायचं नसतं. आई रात्री घरी यायची नाही तेव्हा मीच बघायचे.” बोलता बोलता पोरीचा चेहरा चार मुलांच्या आईसारखा थकलेला दिसायला लागला.

केल्सीने मनातल्या मनात यादी केली. तिने लॉरेनला विचारलं होतं, विल्मरांना विचारलं होतं, शाळेतल्या बाईंना विचारलं होतं, अगदी दाताच्या डॉक्टरलाही सोडलं नव्हतं. हिलाच तेवढं विचारलं नव्हतं!

“डेसा, तुला हवाय का तो तिथे?”

“मला आवडतो तो.”

“ते माहितीये गं मला.”

“रविवारी जास्त आवडतो,” डेसा हळूच म्हणाली. “मिस्टर विल्मर त्याला घेऊन येतात, आम्ही नुसते खेळतो, आणि मग तो जातो. आधी मी त्याच्याशी कधी खेळलेच नव्हते.” आणि तिला रडूच फुटलं. “मी वाईट आहे ना? जजना सांगू नकोस. प्लीज!”

‘नाही सांगणार’ हे शब्द केल्सीच्या अगदी ओठांवर आले होते. पण या कामात तसं वचन द्यायला बंदी. मुलाला काय हवंय, ते कोर्टापुढे आलंच पाहिजे.

“सांगावं लागेल, राणी. पण तू वाईट नाहीस. गाढव आहे ती मी!”

या इंटर्न पोरांवर देखरेख ठेवणाऱ्या योलांडा प्रूइट तेवढ्यात तिथे आल्या. पूर्वी त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. केल्सीने त्यांना कोपऱ्यात ओढून एका दमात सगळं ओकून टाकलं. “मॅम, आता काय करू? अहवाल तर देऊन बसलेय!”

“उभं राहायचं आणि चुकले म्हणायचं. अंगाला भोकं पडत नाहीत.”

आत न्यायाधीश स्टॅनफिलबाई अहवाल चाळत होत्या. “मिस ब्रॉडबेक, छान लिहिलंय हं.”

“युवर ऑनर, छान आहे, पण चूक आहे.” केल्सीचा आवाज चिरकला. दोन्हीकडच्या वकिलांनी माना वर केल्या. “मी सगळ्या गावाला विचारलं आणि डेसाला विचारायचं विसरले. कॉर्बिन आला तर ती पुन्हा त्याची आई होईल. तिला बहीण राहायचंय. तुम्ही तिला स्वतःच विचारा.”

स्टॅनफिलबाईंनी चष्मा काढला आणि डेसाला तिच्या वकिलासह आपल्या खोलीत नेलं. बाहेर केल्सीने उसन्या कोटाची बाही चावून ओली केली. इंटर्नशिपचे गुण गेले खड्ड्यात. त्या पोरीचं बालपण आपल्या हातून जातं की काय, एवढीच तिला धास्ती होती.

निकाल लागला. कॉर्बिन विल्मरांकडेच राहील, रविवार अख्खा बहिणीबरोबर. केल्सीला अहवाल परत मिळाला: नव्याने लिहून आणा.

बाहेर पायऱ्यांवर डेसाने तिची बाही ओढली. “त्याचा खोकला विल्मर बघणार?”

“हो.”

“मोजे, शाळा, सगळं?”

“सगळं.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही.”

डेसाने तिच्याकडे संशयाने पाहिलं. “काहीच नाही?”

“काहीच नाही गं!”

डेसा पायरीवर ऐसपैस बसली आणि नुसतेच पाय हलवत राहिली. लॉरेनने गाडी आणून दोनदा हॉर्न दिला, तरी पोरगी उठायचं नाव घेईना.